खाऱ्या जमिनीवरचं यंत्र

१

शनिवारी सकाळी सातच्या सुमाराला गस्तीवरच्या पोलिसांना ती पांढरी पिकअप दिसली. दोह्याच्या दक्षिणेला, मोठ्या रस्त्यापासून तीनेक किलोमीटर आत, सबखाच्या काठाला ती उभी होती. सबखा म्हणजे समुद्राजवळची खारी, आतून ओली जमीन. वरून घट्ट वाटते, पण पाय टाकला की रुतते. गाडीचं दार उघडं होतं, किल्ली आत होती आणि मोबाइल डॅशबोर्डवर बंद पडलेला होता. गाडीपासून वीस पावलांवर एक मेटल डिटेक्टर आडवा पडला होता. तो अजून चालू होता. त्याच्या हेडफोनमधून बारीक, न थांबणारं किंचाळणं बाहेर ऐकू येत होतं. माणसाचा मात्र पत्ता नव्हता.

जूनचा महिना होता आणि पारा शेहेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. अशा उन्हात सावलीशिवाय सापडलेला माणूस किती तास टिकतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं. बोलत कोणी नाही इतकंच.

रिफत परकारला ही बातमी नऊ वाजता कळली, तीही थेट सांगली जिल्ह्यातून. फोनवर राणी होती, धनाजीची धाकटी बहीण. धनाजीनं कधीतरी अडीअडचणीला म्हणून रिफतचा नंबर तिला देऊन ठेवला होता. राणी रडत नव्हती. ती एकेक शब्द मोजून टाकत होती आणि त्याचीच रिफतला जास्त भीती वाटली. दादा काल पहाटे गाडी घेऊन गेला तो आलाच नाही, तिचा नवरा जालिंदरही तिथंच दोह्यात आहे, पण तो नुसता रडतोय, पोलिसांची भाषा कुणाला येत नाही, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, माझा दादा जित्ता हाय. मला त्यो जित्ता पायजे. तुमी बघा."

रिफत म्हसळ्याची. बावीस वर्षं कतारात काढलेली, एकटी राहणारी, तोंडानं फटकळ बाई. इंडस्ट्रियल एरियातल्या एका लॅबमध्ये ती माती तपासायची. इमारत बांधण्याआधी जमिनीत भोकं पाडतात, त्यातून निघालेली माती आणि दगड तिच्या टेबलावर येतात. धनाजी त्या भोकं पाडणाऱ्या यंत्रावरचा ऑपरेटर. नमुन्यांच्या पेट्या तोच आणून द्यायचा आणि चहाला थांबायचा.

फोन ठेवल्यावर रिफत खुर्चीत बसली ती उठेचना. कारण धनाजीच्या जाण्यामागं आपलंच एक वाक्य आहे, हे तिला आतून कळत होतं.

गुरुवारी संध्याकाळी धनाजी लॅबमध्ये आला होता. खिशातून त्यानं हरभऱ्याएवढा एक खडा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. सोनं होतं. त्याला शुक्रवारी मेटल डिटेक्टर फिरवायचा नाद लागलाय हे तिला माहीत होतं. चौघं मिळून किनाऱ्यावर लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या शोधायचे. पण हा खडा किनाऱ्यावरचा नव्हता. आत वाळवंटात, एका गुपित जागी, तीन शुक्रवारी तीन खडे निघाले होते. धनाजीला विचारायचं होतं ते एवढंच: "ताई, इतकी भोकं पाडली आपण, कधी सोनं निघालं का हो?"

रिफत हसली होती. इथं खाली सगळा चुनखडीचा दगड आहे, मी तपासलेल्या हजारो नमुन्यांत सोन्याचा कण दिसलेला नाही, असं तिनं सांगितलं. आणि मग सहज, अगदी सहज म्हणाली, "कोणीतरी पुरून ठेवलंय रे बाबा, तुला सापडावं म्हणून."

धनाजीचा चेहरा उतरला होता. तिनं तो पाहिला होता आणि तरी पुढची पेटी उघडली होती.

२

बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत धनाजी ज्याच्याबरोबर खोलीत राहायचा तो अश्फाक खेडचा, ड्रायव्हर. पिकअप त्याच्या नावावर कंपनीनं दिलेली. पोलिसांनी त्याला सकाळीच बोलावून गाडी ओळखायला नेलं होतं. रिफत पोचली तेव्हा तो कॉटवर गुडघे जवळ घेऊन बसला होता आणि तिला बघून आणखीच आक्रसला.

त्यानं सांगितलं ते असं. धनाजी शुक्रवारी पहाटे साडेचारला गाडी घेऊन निघाला. अश्फाकची त्या दिवशी ड्यूटी होती, बस घेऊन तो दिवसभर विमानतळाच्या फेऱ्या मारत होता. धनाजीबरोबर कोणी होतं का, ते त्याला ठाऊक नाही. जागा कुठली तेही ठाऊक नाही. सोनं शोधणारा माणूस आपली जागा सख्ख्या भावाला सांगत नाही, ही त्यांच्या मंडळींची पहिली शिस्त होती. पोलीस आता सबखात शोधताहेत, हेलिकॉप्टरही आलंय.

बोलताना त्याची नजर सारखी खिडकीतल्या औषधाच्या डबीकडे जात होती. रिफतनं डबी उचलली. अश्फाकनं हात पुढे केला, पण उशीर झाला होता. आत कापसात एक सोन्याचा खडा होता.

"आपा, मी चोरला नाय," अश्फाक म्हणाला. "गुरुवारी रात्री त्यानंच दिलान. म्हणाला, मला काय झालं तर हा रिफतताईंना दे. मला वाटलं मस्करी करतोय. आज पोलिसांसमोर काढला असता तर मलाच धरलं असतं."

मला काय झालं तर. म्हणजे धनाजीला कोणाची तरी भीती वाटत होती आणि तरीही तो गेला होता.

तिनं खडा उन्हात धरला. त्याच्या खाचेत माती अडकलेली होती, लालसर तपकिरी, पिठासारखी बारीक. मग तिनं अश्फाकनं ओळख पटवताना घाईघाईत काढलेले फोटो मागितले. यंत्राचा फोटो तिनं बोटांनी मोठा केला. जमिनीवर मिठाचे पांढरे पापुद्रे, त्यावर पडलेली यंत्राची गोल चकती, आणि चकतीच्या खालच्या बाजूला चिकटलेली माती. तीही लाल होती.

सबखात लाल माती नसते. अश्फाकनं यंत्राच्या मालकाचा, त्या चौघांतल्याच एकाचा, नंबर दिला आणि रिफतनं तिथूनच त्याला फोन लावला. पलीकडून तो म्हणाला की त्याच्याकडे असलं कुठलंही यंत्र कधी नव्हतंच.

३

खोटं बोलणारा हा माणूस म्हणजे कैवल्य, पुण्याचा, एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. अबू हमूरला व्हिलात राहायचा. रिफत न सांगता त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. यंत्राच्या पेटीवर तुझं नाव आहे आणि ते पोलिसांच्या हाती लागलं आहे, असं तिनं ठोकून दिलं. ते काही खरं नव्हतं. पण कैवल्य मटकन सोफ्यावर बसला.

परवानगीशिवाय असलं यंत्र बाळगल्याबद्दल नोकरी जाईल, मुलींची शाळा जाईल, या भीतीनं तो फोनवर खोटं बोलला होता. शुक्रवारी तो घरच्यांबरोबर मॉलमध्ये होता, त्याचे फोटो त्यानं न मागता दाखवले. धनाजी यंत्र गुरुवारी घेऊन गेला होता. यंत्र धुवून, पुसून न्यायचं आणि तसंच परत आणायचं हा कैवल्यचा दंडक होता आणि गुरुवारी ते लख्ख होतं.

"म्हणजे चकतीवरची माती शुक्रवारचीच," रिफत म्हणाली आणि फोटो त्याच्यापुढे धरला.

कैवल्यनं फोटो पाहिला आणि त्याची भीती क्षणभर कुठं गेली कोण जाणे. नादिष्ट माणसाचं तसंच असतं. हे कुठं ठेवलंय, म्हणून तो जवळजवळ ओरडलाच. मग त्यानं समजावून सांगितलं. हे यंत्र बारीक सोनं शोधायचं, फार हळवं. ओल्या खाऱ्या जमिनीवर धरलं की मिठालाच धातू समजून सतत किंचाळत राहतं. तिथं खाली सोन्याची वीट असली तरी कळायची नाही. सबखात हे यंत्र फिरवायचं नाही, हा त्यानं शिकवलेला पहिला धडा. धनाजी तर इतका पटाईत झाला होता की यंत्राच्या कुरकुरण्यावरून जमीन ओळखायचा.

"धनाजी हे यंत्र घेऊन सबखात उतरेल?"

"मरेल पण उतरणार नाही," कैवल्य म्हणाला आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

रिफतनं विचारलं, हा धडा आणखी कोणाला येतो? अश्फाकला येतो, कैवल्य म्हणाला, तो आलटूनपालटून यंत्र चालवायचा. चौथा म्हणजे धनाजीचा मेहुणा जालिंदर. तो दोनचारदा आला होता, पण यंत्राला त्यानं कधी हात लावला नाही. गाडीच्या सावलीत बसून चेष्टा करायचा, की सोनं असं शोधत नसतात.

बाहेर पडताना रिफतनं सगळं जुळवून पाहिलं. कोणीतरी गाडी तिथं नेऊन ठेवली होती. यंत्र चालू करून टाकलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की माणूस शोधता शोधता भरकटला. हेलिकॉप्टर चुकीच्या जमिनीवर घिरट्या घालत होतं. आणि घड्याळात पावणेबारा झाले होते.

४

जालिंदर गलाईवाला होता. खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यानपिढ्या हाच धंदा करतात. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून द्यायचं. जिथं सराफ बाजार तिथं त्यांची भट्टी. जालिंदर अल मन्सूरात राहायचा आणि पलीकडच्या बाजारात एका दागिन्यांच्या कारखान्यामागं त्याची भट्टी होती.

तो कामावर होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. मालकानं निकडीचं काम सांगितलंय, शिवाय घरी बसून डोकं फिरतं, असं तो म्हणाला. शुक्रवारी दिवसभर आपण खोलीवर झोपून होतो, धनाजी कुठं जायचा ते आपल्याला कधी सांगितलं नाही. बोलता बोलता त्यानं वितळलेल्या सोन्याची एक लहान पट्टी चिमट्यानं उचलली, तिच्यावरचा डाग पाहिला आणि परत मुशीत टाकली. एवढ्याशा डागानं काय बिघडतं, असं रिफतनं विचारलं. अशुद्ध माल हातातून सोडायचा नाही, बापानं हेच शिकवलंय, तो म्हणाला. बोलण्यात अभिमान होता आणि तो खरा होता.

रिफतनं खडा त्याच्यापुढे ठेवला.

जालिंदरनं काळी कसोटी घेतली, खडा तिच्यावर घासला, उमटलेल्या पिवळ्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला आणि बघत राहिला. रेघ तशीच होती, जराही फिकी पडली नाही. रिफतला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिनं ते नीट लक्षात ठेवलं.

"बावीसचं हाय," जालिंदर म्हणाला. "मातीतलं सोनं असंच असतं, थोडं हिणकस. खरंच गावलंय त्याला. बिचारा."

तिनं खडा मागितला. त्यानं तो चटकन दिला नाही. हा राणीला पाठवतो, भावाची आठवण म्हणून, असं तो म्हणाला.

आठवण. सगळं दोहा धनाजीला शोधत होतं आणि हा त्याची आठवण जपायला निघाला होता. पोलिसांना द्यावा लागेल असं सांगून तिनं खडा घेतला. जिना उतरेपर्यंत त्याची नजर तिच्या पाठीवर होती. मागून त्यानं हाक मारली, "मॅडम, सबखातच शोधायला सांगा. माणूस रुतला की वर येत न्हाई."

५

तीन दुकानं सोडून एका सराफाकडे बंदुकीसारखं यंत्र होतं. ते सोन्यावर धरलं की पाच सेकंदात शुद्धता सांगतं. सराफानं रिफतचा खडा त्याच्याखाली धरला, आकडा वाचला आणि पुन्हा धरला. नव्याण्णव पूर्णांक सात दशांश टक्के. शंभर नंबरी.

रिफत तिथंच काउंटरला टेकून उभी राहिली. निसर्गातल्या सोन्यात चांदी मिसळलेलीच असते, एवढं तिलाही माहीत होतं. इतकं शुद्ध सोनं जमिनीतून निघत नाही. बरं, कोणी घरची अंगठी वितळवून खडे केले म्हणावं, तर ते बावीस कॅरटचं निघालं असतं. हे सोनं आधी तेजाबात घालून शुद्ध केलं होतं आणि मग त्याचे ओबडधोबड खडे पाडले होते. फसवायलासुद्धा हिणकस माल हातातून सुटू नये असं वाटणारा माणूस कोण, हे ती आत्ताच पाहून आली होती.

आणि जन्मभर कसोटीवर रेघा ओढणारा तो माणूस शंभर नंबरी सोन्याला बावीसचं म्हणाला होता. अजाण माणूस चुकला असता. जालिंदर चुकणं शक्य नव्हतं, तो खोटं बोलला होता.

यंत्र खाऱ्या जमिनीवर ठेवणाराही तोच, ज्यानं ते कधी हातात धरलं नव्हतं.

पण कोणी केलं यापेक्षा धनाजी कुठं आहे हे मोठं होतं. जालिंदरला जाऊन विचारलं असतं तर त्यानं तोंड शिवलं असतं आणि तेवढ्यात धनाजी मेला असता. रिफत लॅबकडे निघाली. रस्त्यात दोनदा सिग्नल तोडला, जी बाई लोकांना सीटबेल्टवरून बोलायची तिनं.

लॅबमध्ये सुट्टीमुळे कोणी नव्हतं. खड्याच्या खाचेतली माती तिनं सुईनं काढून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. लाल बारीक माती म्हणजे रौदा. वाळवंटात जिथं खोलगट जागा असते, पावसाचं पाणी साचतं, चार झाडं उगवतात, ती रौद्याची माती. पण असे रौदे शेकड्यानं आहेत. तिनं भिंग आणखी वाढवलं. मातीत चमकणारे तंतू होते, काचेच्या बारीक सुयांसारखे.

जिप्सम, आणि तेही सुयांचं. लाल मातीत असल्या सुया तिनं बावीस वर्षांत दोनच ठिकाणी पाहिल्या होत्या. एक जागा आता कुंपणात बंद होती. दुसरीचा अहवाल तिनं कपाटातून काढला. दोन वर्षांपूर्वीचं काम, धनाजी कंपनीत येण्याआधीचं. भोक क्रमांक सात. साडेचार मीटरवर ड्रिल एकाएकी खाली गेलं आणि हाताला काहीच लागलं नाही. खाली पोकळी होती. तिथून दोनशे पावलांवर तिचं तोंड होतं, अरबीत ज्याला दहल म्हणतात तसलं, जमिनीला पडलेलं भोक. झुडपांमागून सहज दिसायचं नाही. अहवालाच्या शेवटी रिफतनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, की जागा धोक्याची आहे, काम करू नये.

सबखापासून ती जागा ऐंशी किलोमीटर होती.

६

पोलिसांनी ऐकून घेतलं. पण सगळी माणसं दक्षिणेला होती, यायला दोन तास लागणार होते. रिफतनं कैवल्यला फोन केला. त्याच्याकडे वाळवंटात चालणारी गाडी होती. तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो वीस मिनिटांत दारात आला, मागं दोर, बर्फाची पेटी आणि पाण्याचे खोके टाकून.

रस्ता संपला आणि गाडी दगडगोट्यांवरून हिंदकळायला लागली. बाहेर सगळं पांढरं होतं, नजर ठरत नव्हती. कैवल्य सारखा पुटपुटत होता, की यंत्र मी दिलं, नाद मी लावला. रिफतच्याही मनात तेच चाललं होतं. गुरुवारी मी हसले नसते, त्याला बसवून विचारलं असतं, जागा कोणी दाखवली म्हणून, तर तो बोलला असता.

लाल माती दिसली. सिद्राची, म्हणजे रानबोरीसारखी, चार झाडं, सुकलेलं गवत आणि मातीत पिकअपच्या टायरच्या खुणा. वाऱ्यापासून आडोसा असल्यानं त्या शाबूत होत्या. जागोजागी हातभर खोल खड्डे खणलेले होते.

दहलच्या तोंडाशी दगड उकरलेले होते. कोणाचा तरी पाय सरकत गेल्याची खूण थेट काठापर्यंत जात होती.

रिफत पोटावर झोपली आणि तिनं आत डोकं घातलं. खाली अंधार, पण वर येणारी हवा गार होती. तिनं हाक मारली. तिचाच आवाज परत आला. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा ती नुसतीच "धनाजी" म्हणत राहिली, जसं कोणी झोपलेल्याला हळूच उठवतं तसं.

खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. एकदा. मग पुन्हा एकदा.

रिफत रडली. बावीस वर्षांत तिला रडताना कोणी पाहिलं नव्हतं, कैवल्यनं पाहिलं. पोलीस आणि बचावाची माणसं पोचेपर्यंत ती तशीच काठावर पडून त्याच्याशी बोलत होती. बाटल्या दोराला बांधून खाली सोडत होती, त्याच्या आईचं नाव विचारत होती, गावातल्या विहिरी मोजायला लावत होती. त्याला झोपू द्यायचं नव्हतं. चारच्या सुमाराला धनाजी वर आला. पाय मोडलेला, ओठ फुटलेले, पण जित्ता.

वर आल्यावर त्यानं डोळे उघडून पहिली गोष्ट विचारली ती ही, की दाजी कुठं आहेत.

७

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या खोलीबाहेर बाकावर जालिंदर बसलेला होता. अंगात निळा शर्ट, मांडीवर सफरचंदांची पिशवी. रिफतला बघून तो उठला, हात जोडले, तुमच्यामुळं आमचा माणूस वाचला म्हणाला. रिफत त्याच्या अंगावरून आत गेली. पोलिसांना तिनं शनिवारी फक्त जागा सांगितली होती. बाकीचं धनाजीच्या तोंडून यायला हवं होतं.

धनाजी बोलला. हळूहळू, थांबत थांबत, सगळं बोलला. जागा दाजींनीच दाखवली होती, एका उंटवाल्याकडून कळली म्हणून, आणि कोणाला सांगू नकोस म्हणून. कारखान्याच्या झाडलोटीत मिळणारे सोन्याचे कण दाजी मालकाच्या नकळत महिनोन्‌महिने बाजूला काढत होते. ते शुद्ध करून त्याचे खडे पुरायचे, धनाजीनं ते शोधायचे आणि पुढच्या महिन्यात रजेवर जाताना वाळवंटात सापडलं म्हणून उजळ माथ्यानं गावी न्यायचे. पकडला गेला असता तर धनाजीच गेला असता. रिफतनं गुरुवारी ते वाक्य म्हटलं आणि त्याला लख्ख दिसलं, कारण जागा दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हती. पण बहिणीचा नवरा. म्हणून त्यानं आधी त्यालाच बरोबर नेऊन विचारायचं ठरवलं. काठाशी बाचाबाची झाली. धनाजी म्हणाला, मालकाला सांगणार. जालिंदर अंगावर आला, धनाजी मागं सरकला आणि खाली गेला.

"त्यांनी ढकललं न्हाई, ताई. मी पडलो. वरनं त्यांनी बघितलं, मी हाका मारत व्हतो. मग त्यांनी पाण्याची बाटली टाकली खाली. त्याच्यावरच जगलो मी." त्यानं रिफतचा हात धरला. "साहेब आला की मी सांगणार, एकटाच व्हतो, पाय घसरला. राणीची दोन पोरं हाईत. तुमी बी तसंच सांगा."

रिफतनं हात सोडवला नाही. "धनाजी, बाटली टाकायला एक मिनिट लागतं," ती म्हणाली. "तुझी गाडी ऐंशी किलोमीटर लांब नेऊन ठेवायला आणि तिथून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत यायला किती वेळ लागला असेल? एवढा वेळ त्याला परत फिरता येत होतं. शनिवारी मी समोर उभी होते, तेव्हाही बोलता येत होतं. तेव्हा तो काय म्हणाला माहितीये? सबखातच शोधा म्हणाला."

धनाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेवढ्यात पोलीस अधिकारी येत असल्याचं नर्सनं सांगितलं. अधिकाऱ्यानं दुभाषी म्हणून रिफतलाच थांबायला सांगितलं होतं, कारण धनाजीची मराठी तिथं दुसऱ्या कोणाला कळत नव्हती.

ती खिडकीपाशी गेली आणि तिनं राणीला फोन लावला. जालिंदरविरुद्ध बोलायचं ते राणीला न विचारता, हे तिच्या जिवावर आलं होतं. पाच वाक्यांत तिनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. 

"दादा हाका मारत व्हता?" राणीनं विचारलं.

"हो."

"आन्‌ त्यो ऐकून निघून गेला."

"हो."

"दादा माझ्यासाठी खोटं बोलंल," राणी म्हणाली. तिचा आवाज शनिवारी होता तसाच होता, एकेक शब्द मोजलेला. "त्याला बोलू द्या. तुमी खोटं नका बोलू, ताई."

अधिकारी आत आला, तरुण होता, हातात वही. त्यानं प्रश्न विचारला. रिफतनं तो मराठीत धनाजीला सांगितला. धनाजी छताकडे बघत म्हणाला, की तो एकटाच होता, पाय घसरला, गाडी कोणी नेली ते माहीत नाही. रिफतनं त्यातला शब्दही न बदलता तो जबाब इंग्रजीत सांगितला. अधिकाऱ्यानं लिहून घेतला, वही मिटायला घेतली.

"थांबा," रिफत म्हणाली. "हे त्याचं सांगणं झालं. आता माझं लिहा. बाहेर बाकावर निळ्या शर्टातला माणूस बसलाय, तो उठून जायच्या आत लिहा."